काकांच्या बसण्याचे यांत्रिक गुणधर्म

मेंढी क्रमांक सात चालली.

अकराव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी साडेदहाला ती उठली, मागचा डावा पाय जमिनीवर नीट टेकला, गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि जनावरांच्या डॉक्टरांच्या कोटाचं बटण खाऊन परत आली. तिच्या पायाच्या हाडात आम्ही सिरॅमिकचा जो तुकडा बसवला होता त्याच्या आरपार नवं हाड भरलं होतं. एक्स-रे बघून आमचा तुकडा कुठे संपतो आणि मेंढी कुठे सुरू होते ते डॉक्टरांना सांगता येईना.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. आमच्या अहवालात क्रमांक सातच्या पुढे 'लागू नाही' असं लिहिलं आहे. बटणाची नोंद मात्र सापडेल, कारण डॉक्टरांनी नवा कोट मागितला होता. तो मिळाला नाही. जी मेंढी नाही तिने बटण खाल्लं कसं, असा उलट प्रश्न आला.

तर, मेंढी नाही असं धरून सुरुवात करू.

आमच्या प्रयोगशाळेत हाडांसाठी सिरॅमिकचे तुकडे बनवतात. सिरॅमिक म्हणजे कपबशीचंच घराणं, फक्त या शाखेने वैद्यकीय शिक्षण घेतलंय. हाडाचा मधला भाग निकामी झाला की त्या जागी हा भोकाभोकांचा तुकडा बसवायचा. हाडाच्या पेशी भोकांतून आत शिरतात आणि संसार थाटतात. तुकडा हळूहळू विरघळत जातो, त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट पेशी घेतात आणि शेवटी तिथे फक्त हाड उरतं. म्हणजे घरमालकाने भाडेकरूंना घर तर द्यायचंच, वर रोज भिंतीच्या विटाही खाऊ घालायच्या आणि सगळे सुस्थितीत आले की स्वतः निघून जायचं. असा घरमालक मी सिरॅमिकमध्येच पाहिला.

बनवायची रीत ऐकली की लोकांना वाटतं आपली फिरकी घेतायत. फोम घ्यायचा, गादीत असतो तो. सिरॅमिकच्या पांढऱ्या घोळात बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा आणि भट्टीत ठेवायचा. सहाशे अंशांपर्यंत फोम पार जळून जातो, पण त्याच्या अंगावर चढलेला सिरॅमिकचा थर तसाच उभा राहतो. पुढे साडेबाराशे अंशांना तो पक्का होतो. फोमची सगळी नक्षी राहते, फक्त फोम राहत नाही.

ही रीत जगभर चालते. आमच्याकडे ती अडली, कारण आमच्या स्टोअरमध्ये फोमची नोंद 'फर्निचर' या सदरात आहे. फर्निचर नवं हवं असेल तर जुनं जमा करावं लागतं.

"जुना आणा, नवा न्या," स्टोअरवाले म्हणाले. त्यांचा चष्मा दोरीला बांधलेला असतो. तोही जुना जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही, म्हणून.

"जुना जळला हो."

"आग लागली होती?"

"नाही, आम्हीच जाळला."

त्यांनी चष्मा उतरवून छातीवर सोडला. "संस्थेचं फर्निचर जाळलं?"

"जाळायलाच घेतो आम्ही तो."

"मागच्या वेळी दिला कुणी?"

"तुम्ही रजेवर होता तेव्हा मिळाला."

"तेच म्हणतो. मी रजेवर गेलो की या संस्थेत जाळपोळ होते."

मी खिशातून सिरॅमिकचा एक तुकडा काढून काउंटरवर ठेवला. "हा घ्या जुना."

त्यांनी पेनाने वाजवून पाहिला. टण्ण झालं. "हा फोम आहे?"

"फोम गेला. आकार आहे."

"मग आकार जमा करून घेणारा विभाग शोधा," असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

इथे माझी अवस्था सांगायला हवी. माझं चौथं वर्ष होतं. वर्षअखेरपर्यंत आमच्या तुकड्यांनी मेंढ्यांची हाडं नेहमीपेक्षा लवकर भरतात हे दाखवलं, तर मला डॉक्टरेट मिळणार होती. नाही दाखवलं तर मी चार वर्षं मेंढ्यांची ओळख वाढवत होतो एवढंच सिद्ध झालं असतं. सहा मेंढ्यांत नेहमीच्या फोमचे तुकडे आधीच बसले होते आणि सहाही जणी लंगडत होत्या. मॅडम, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, मला म्हणाल्या होत्या, "शुक्रवारपर्यंत नव्या घोळाचे तीन तुकडे दे. नाहीतर भट्टीची पाळी दुसऱ्या कुणाला देते." नवा घोळ तयार होता. फोम नव्हता.

मी राहतो मावशीकडे. मावशीच्या बैठकीच्या खोलीत तिघांचा सोफा आहे. उजवीकडे मावशी बसते. मध्ये रिमोट आणि विजेची बिलं असतात. डावीकडची काकांची जागा.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे. नोकरीची सवय म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःलाही तपासायचे आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने आकडा लिहायचे. बावीस वर्षं तो आकडा ब्याण्णव किलोच्या इकडेतिकडे झाला नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला ते सोफ्याच्या डाव्या जागेवर बसत आणि दहाला झोपायला उठत. मधल्या वेळात भूकंप झाला असता तर त्यांनी तो बसूनच पाहिला असता.

त्या जागेला एक खळगा पडलाय. चांगला हातभर रुंद, आणि मधोमध नाही, थोडा डावीकडे कललेला. काका गेल्यावर तिथे कुणी बसत नाही. पाहुणा तिकडे वळला की मावशी घाईने म्हणते, "तिकडे नको, स्प्रिंग लागते." त्या सोफ्यात एकही स्प्रिंग नाही.

बुधवारी दुपारी मावशी आत पडली होती. मी सोफ्याकडे पाहिलं. सोफ्यात फोम होता. चारी बाजूंनी विचार केला: मावशीच्या जागेखालून कापला तर तिला बसताक्षणी कळेल, मधून कापला तर रिमोट आत जाईल. डाव्या जागेवर मात्र कुणीच बसत नाही, म्हणजे कुणालाच कळणार नाही. चार वर्षं संशोधन केलेल्या माणसाचा हा निष्कर्ष. मी मागची चेन उघडली, पाव कापायच्या सुरीने खळग्याच्या खालून विटेएवढा फोम आडवा कापून घेतला, चेन लावली आणि सुरी धुऊन जागेवर ठेवली. प्रयोगवहीत लिहिलं: 'फोम: घरगुती.' हे खोटं नव्हतं.

आमची भट्टी जे सांभाळतात त्यांना आम्ही तापमानराव म्हणतो. आयुष्यातली बहुतेक उत्तरं ते अंशांत देतात. कसे आहात विचारलं तर म्हणतात, "छत्तीस पूर्णांक आठ." त्यांनी माझे तीन तुकडे हातात घेऊन पाहिले.

"फोम वेगळा आहे," ते म्हणाले.

"कशावरून?"

"याला माणसाचा वास येतो."

"सहाशे अंशांना जाईल ना?"

"सहाशेला सगळ्यांचाच जातो," तापमानराव म्हणाले आणि भट्टीचं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी एक तुकडा दाबून तोडायच्या यंत्रात ठेवला. नेहमीचा तुकडा ज्या वजनाला मान टाकतो ते वजन आलं. तुकडा ढिम्म. दुप्पट आलं, तिप्पट आलं. मॅडम खुर्चीवरून उठून यंत्राजवळ आल्या. चौपटीला कुठे तो कुरकुरला आणि तुटला, तोही आढेवेढे घेत. मॅडमनी यंत्र बिघडलंय असं जाहीर केलं, यंत्रवाल्याला बोलावलं, त्याने यंत्र ठीक आहे असं सांगितल्यावर त्यालाही थोडं ऐकवलं. दुसरा तुकडा मायक्रोस्कोपखाली गेला. तिसरा गेला जनावरांच्या डॉक्टरांकडे, आणि तिथून जी मेंढी नाही तिच्या पायात.

मधले अकरा आठवडे मी मेंढीपेक्षा अस्वस्थ होतो. त्याच काळात माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा हरवला. बहात्तर पानं, आणि समासात माझ्या हाताने केलेल्या शेकडो दुरुस्त्या. मी घर पालथं घातलं. मावशीही माझ्याबरोबर शोधत होती, आणि दर वेळी शोधायला कपाटाकडेच जात होती. शेवटी मी तापमानरावांवर संशय घेतला. "कागद दोनशे तेहेतीसला पेटतो," ते दुखावून म्हणाले, "मी पेटवला असता तर लिहून ठेवलं असतं."

मग तो मंगळवार आला आणि जे झालं नाही ते झालं.

"बारा कर," मॅडम म्हणाल्या. त्यांना मी पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. दात सुरेख आहेत त्यांचे. "हुबेहूब तसेच बारा. बारा मेंढ्यांत बसवू आणि तुझं काम संपलं. एकदा झालं त्याला मी मोजत नाही. जे पुन्हा करता येत नाही, ते झालंच नाही."

तेवढ्यात स्टोअरवाले मेहुण्याच्या लग्नाला गेले आणि आम्हाला नवा फोम मिळाला. त्याचे तुकडे नेहमीच्याच वजनाला मोडले. मग मी मावशीच्या जागेखालून तिला कळणार नाही एवढासा फोम काढला. तोही मोडला. मावशीचं वजन अठ्ठेचाळीस किलो आणि ती दर दोन मिनिटांनी उठते. तो फोम इतक्या वर्षांत दबलाच नव्हता, उलट तरतरीत झाला होता. मग फोम शिकंज्यात दाबून पाहिला. शिकंजा सोडला की तो उठून बसायचा. गरम करून दाबला तर सगळी भोकं एकदम बुजली.

"हळूहळू दाबायला पाहिजे," तापमानराव म्हणाले. "रोज थोडं. मधे सोडायचं. परत दाबायचं."

"किती दिवस?"

त्यांनी मायक्रोस्कोपमधला फोटो बराच वेळ पाहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा उत्तर अंशांत दिलं नाही. "वीस-बावीस वर्षं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी मॅडमना सगळं सांगितलं. सोफा, खळगा, पावाची सुरी. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "अजून किती शिल्लक आहे?"

"बारा तुकडे निघतील. पण मग खळगा राहणार नाही."

"मावशींशी मी बोलते," मॅडम म्हणाल्या.

शुक्रवारी त्या घरी आल्या. सोबत टेप, वही आणि तो फोटो. मावशीने त्यांना मधल्या जागेवर बसवलं, बिलांसकट. चहा झाला. मी चहा पिता पिता, घाईघाईत, कपात तोंड घालून कबुली दिली. मावशी एवढंच म्हणाली, "हं." आश्चर्याचा तो 'हं' नव्हता, पण मला तेव्हा ते कळलं नाही.

मॅडमनी फोटो पुढे केला. "हे बघा. या सगळ्या पोकळ्या एकाच दिशेला लांबट झाल्यात. पायाच्या हाडात असतात तशाच. आम्हाला मुद्दाम करायला जमलेलं नाही हे."

"काय आहे हे?"

"तुमच्या यजमानांचं बसणं. दोनशे पट मोठं करून."

मावशीने फोटो लांब धरला, जवळ धरला. "दोनशे पट कशाला? होतं तेवढंच पुष्कळ होतं."

"त्यांच्या बसण्यात एक सातत्य होतं."

"सातत्य?" मावशीने कप खाली ठेवला. "बाई, बावीस वर्षं मी ओरडले. उठा, पाय मोकळे करा. उठा, गॅस आलाय. उठा, तुमचीच बहीण आलीय. उत्तर एकच. 'उठतो की.' आणि आज तुम्ही घरी येऊन सांगताय की नाही उठले ते बरं झालं?"

"विज्ञानाच्या दृष्टीने—"

"विज्ञानाला स्वयंपाकघरातून हाका माराव्या लागल्या नाहीत ना."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावलो. 'उठण्याचा दर: नगण्य' असं होतं.

"ते बसायचे कसे?" मॅडमनी विचारलं. "म्हणजे एकदम, की टप्प्याटप्प्याने?"

"तुम्हाला दाखवूनच देते." मावशी उठली. एक हात कमरेवर ठेवला, मान जराशी वर केली, जसं काही खाली सोफा आहे की नाही याची काकांना पर्वाच नसे. मग अर्ध्यापर्यंत खाली आली, तिथे थांबली, डावीकडे कलली आणि उरलेलं अंतर देवावर सोडून दिलं. वर "हुऽऽश्श" असा लांबलचक आवाज. मला क्षणभर काकाच दिसले. त्यांची बनियनसुद्धा दिसली. पण ती बसली आपल्या जागेवर. डाव्या जागेपासून ती तीन फुटांवर होती आणि नक्कल करतानाही एक इंच तिकडे सरकली नाही.

"हुश्श साधारण चार सेकंद," मॅडम लिहीत म्हणाल्या. "आणि वजन?"

मावशीने त्यांना कपाटाचं दार उघडून दाखवलं. पेन्सिलीचे दोनशे चौसष्ट आकडे, तारखांसकट. मॅडमचा हात दारावरून असा फिरला की मला वाटलं त्या दारही मागतील. "इतका स्वच्छ डेटा," त्या पुटपुटल्या, "माझ्या एकाही विद्यार्थ्याने दिला नाही." हे माझ्याकडे बघून.

"आणि त्या मेंढीचं काय झालं?" मावशीने विचारलं.

"चालली," मी म्हणालो. "आपली आपण उठली आणि चालली."

मावशीचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. "म्हणजे यांच्यामुळे कुणीतरी उठलं," ती म्हणाली, "शेवटी एकदाचं." आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागली, आणि काच लख्ख झाली तरी पुसतच राहिली.

मॅडमनी तेवढ्यात फोमचं विचारून घेतलं. त्या प्रमुख उगाच झालेल्या नाहीत.

"न्या की," मावशी चष्मा लावत म्हणाली. "मला काय करायचंय त्याचं? धूळ बसते नुसती. उद्या मी बाजारात जाईन तेव्हा काढून टाक रे, मला तो भुसा बघायचा नाही."

शनिवारी ती पिशवी घेऊन बाहेर पडली. दारात वळून म्हणाली, "सुरी धुऊन ठेव. मागच्या वेळी पावात फोम आला होता."

मी सोफा भिंतीपासून ओढला, मागची चेन उघडली आणि हात आत घातला. मी विटेएवढा फोम काढला होता तिथे पोकळी असायला हवी होती. पोकळी नव्हती. आत काहीतरी घट्ट, चौकोनी, नीट घडी घातलेलं होतं. ओढून काढलं.

'प्रकरण तीन: साहित्य आणि पद्धती.'

बहात्तरच्या बहात्तर पानं, चार पदरी घडी घालून, वर दोरा बांधलेला. खाली चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा आणि त्याखाली एक विजेचं बिल, बहुतेक शेवटचं अर्धं सूत जुळवायला.

मी पुढे येऊन सोफ्याकडे पाहिलं. प्रकरण बाहेर आल्याबरोबर खळगा दोन बोटं खाली गेला होता आणि त्याचा डावीकडचा कल गेला होता. आता तो कुणाचाही खळगा होता. म्हणजे त्या बुधवारी मी सुरी धुऊन ठेवली आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्या बसल्या तिला कळलं होतं. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. घरात सापडेल त्याने तो होता तसा, होता तितकाच, वाकडा आहे तितकाच वाकडा उचलून धरला. बिल कमी पडलं असेल, पुठ्ठा जास्त झाला असेल. मग माझं प्रकरण बरोब्बर बसलं. माझ्या प्रबंधाने आजवर पेललेलं हे एकमेव वजन.

सुरी हातात होती. बारा तुकडे, बारा मेंढ्या, वर्षअखेर, डॉक्टरेट. मी हिशेब दोनदा केला. दोन्ही वेळा बरोबर आला. मग मी प्रकरणाची पुन्हा चार पदरी घडी घातली, दोरा बांधला, बिल, पुठ्ठा, प्रकरण या क्रमाने आत सरकवलं आणि पुढे येऊन पाहिलं. अजून थोडं डावीकडे. परत मागे गेलो. तीन वेळा असं केलं तेव्हा कुठे काका परत आले. चेन लावली. समासातली एकही दुरुस्ती उतरवून घेतली नाही. खरं सांगायचं तर तेव्हा ते सुचलंच नाही.

मावशी आली तेव्हा मी सोफा भिंतीला टेकवत होतो. तिने पिशवी ठेवली. डावीकडे पाहिलं, मग पटकन दुसरीकडे पाहिलं.

"झालं?"

"नाही. फोम खराब झालाय. उपयोगाचा नाही."

"मेल्या, बावीस वर्षांत नाही खराब झाला तो."

"आता झाला."

ती पिशवीतून एकेक जिन्नस काढत राहिली. थोड्या वेळाने मीच म्हणालो, "प्रकरण तीन सापडलं."

"हो? कुठे होतं?" आवाजात एवढीसुद्धा लाज नाही.

"कपाटामागे."

"बघ! मी म्हणत नव्हते, नीट शोध म्हणून?"

सोमवारी मी मॅडमना सांगितलं की साहित्य उपलब्ध नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "वापरात आहे." मला वाटतं त्यांना समजलं, कारण त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि प्रश्न न विचारणं हा त्यांचा स्वभाव नाही. मग पेन काढून क्रमांक सातच्या ओळीत स्वतःच्या हाताने 'लागू नाही' लिहिलं.

नव्या बारा मेंढ्यांत नेहमीच्या फोमचे तुकडे बसलेत. क्रमांक आठ ते एकोणीस. त्या नियमाप्रमाणे लंगडतात आणि नियमाप्रमाणे बऱ्या होतायत, ना लवकर ना उशिरा. माझी मुदत एका वर्षाने वाढली आहे. क्रमांक सात गोठ्यात मजेत आहे. ती कागदावर नसल्यामुळे तिला कुणी तपासायला नेत नाही.

मी स्वतः बसायचंही मनावर घेतलं होतं. नवा फोम आणून माझ्या खोलीत टाकला आणि रोज साडेसहाला बसायला लागलो. पण माझं वजन चौपन्न किलो, आणि मावशी दर दहा मिनिटांनी आतून हाक मारते, "अरे, उठतोस का जरा?" आणि मी उठतो. काकांच्या आणि माझ्या योगदानात तेवढाच फरक आहे.

तेव्हा मॅडम म्हणाल्या की एकच वैध मार्ग उरतो, रीतसर मागणी कर. मी केली. स्टोअरवाल्यांनी ती हातात घेऊन वाचली, चष्मा छातीवर सोडला, आणि अजूनपर्यंत परत लावलेला नाही. तिची प्रत पुढे देत आहे.

*

प्रति,
भांडार विभाग (फर्निचर)

विषय: एक इसम उपलब्ध करून देण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, प्रयोगशाळेच्या कामासाठी खालील वर्णनाचा इसम, नग एक, तातडीने मिळावा. वजन ब्याण्णव किलो, घटबढ चालणार नाही. बसण्याची वेळ सायंकाळी साडेसहा ते दहा, सुट्टीच्या दिवसांसह, सलग बावीस वर्षे. बसताना अर्ध्यावर थांबणारा, डावीकडे कलणारा व किमान चार सेकंद हुश्श करणारा असावा. हाक मारल्यास 'उठतो की' असे उत्तर देणारा व न उठणारा असावा. या गुणधर्माचा इसम आपल्या नोंदीनुसार यापूर्वी एकदाच देण्यात आला होता. शक्य असल्यास तोच पुन्हा द्यावा.

आपल्या नियमानुसार नवीन वस्तूसाठी जुनी वस्तू जमा करणे बंधनकारक आहे याची अर्जदारास जाणीव आहे. तथापि, जुनी वस्तू जमा करता येत नाही, कारण तिच्या शेजारी मावशी बसलेल्या आहेत. सबब, या एका प्रकरणी नियम शिथिल करण्यात यावा, ही विनंती.